धारोष्ण

राजारामपुरीत आठव्या गल्लीला, झेरॉक्सवाल्याच्या वर
आमचं ऑफिस: तीन खुर्च्या, एक कुरकुरणारा कूलर,
आणि गावोगावच्या दूध संस्थांना पावत्या छापून देणारं सॉफ्टवेअर.
त्यातला साचा माझा.
गुळाच्या ढेपेला असतो तसाच,
फक्त रस रोज निराळा.
महिरपी कंस जोडीनं उघडायचे, आत जागा धरून ठेवायची.
पहाटे पाचला कुणी म्हशीखाली बसतं,
सव्वासहाला त्या कंसांच्या जागी
त्याचं नाव, लिटर, फॅट, रुपये येऊन टेकतात.

मंगळवारी वडणग्याहून शिवगोंडा चौगुले आले.
घडी उलगडून पावती टेबलावर ठेवली,
वर माझाच पेपरवेट.
"गावात मला आण्णा म्हंत्यात.
ह्यो अँड क्वॉट कोण म्हणायचा?"

वाचलं मी.
शिवगोंडा, मग अँड, मग अँप, मग क्वॉट, मध्येमध्ये अर्धविराम,
मग बिचारे आण्णा,
आणि त्यांच्यामागं पुन्हा तीच वरात.
नातवानं कट्ट्यावर मोठ्यानं वाचलेलं.
तीन दिवस झाले, गाव त्यांना क्वॉटआण्णा म्हणतंय.

चूक माझीच.
सेक्रेटरीनं मायेनं टाकलेली ती अवतरणचिन्हं.
लायब्ररी अशा चिन्हांना बिचकते,
कारण नावाच्या वेशात हुकूम शिरतो तो याच फटींतून,
टोकदार कंस लपवून.
म्हणून ती दिसेल ते चिन्ह उकळते,
त्याचं बळ काढून नुसतं अक्षर पुढं धाडते.
बरंच करते.
पण मी आत घेतानाही उकळलं होतं
आणि साच्यानं बाहेर सोडताना पुन्हा.
पडद्यानं एखादी उकळी पचवली असती.
पावतीचं यंत्र भोळं,
दिलं तसं छापतं.

मगदूमसर चहा फुंकत म्हणाले,
"तिसरा कंस टाक की. जसंच्या तसं जाऊ दे."

सोपं होतं.
मी उठले, गंगावेशीत गेले.
तिथं पिराजी कास धुतो, वासरू सोडतो, ओढून घेतो,
आणि ग्लासात धार वाजते.
ओठाला फेस, हाताला ऊब.
पुण्यात होते तेव्हा पिशवीतलं दूधही
मी दोनदा तापवायचे. इथं कच्चं पिते.
धीट झाले म्हणून नव्हे.
पिराजीचे हात बघितलेत, म्हणून.

तिसऱ्या कंसाचा प्रश्न तेवढाच:
धार काढताना तू समोर होतीस का?

नव्हते. चाळीस संस्था, चाळीस सेक्रेटरी,
कोण काय टंकतं, कुणास ठाऊक.

रात्री बसून गाळण्या लिहिल्या.
पडद्याला वेगळी, कागदाला वेगळी.
आत येईल ते जसंच्या तसं ठेवायचं,
उकळायचं ते दारातून बाहेर पडताना, एकदाच,
ज्याच्या त्याच्या पोटाप्रमाणं.
हात चालला तसं बाकीचंही उरकलं:
फॅटला एक दशांश, पैशाला दोन,
लाखाचा स्वल्पविराम लाखापाशी.
आणि रिकाम्या जागेला साधी रेघ.
म्हैस आटलेल्या गंगूबाई कांबळ्यांच्या पावतीवर
आजवर नल छापून यायचं;
त्या नळाचं बिल समजून
ग्रामपंचायतीत भांडून आल्या होत्या.

शुक्रवारी आण्णा पुन्हा आले.
नवी पावती उजेडात धरली, लांब केली, जवळ आणली.
बोट नावावर थांबलं.
"आनि ही दोन्ही अंगाला काय? शिंगं?"

"काढू का?"

"नगं," म्हणाले,
पावती दुमडून टोपीत ठेवत,
"ऱ्हाऊ द्यात. शोभत्यात."